वाफेच्या बैलाची खांदेमळणी

तुळशीराम, तुला जाऊन आज सहावा दिवस, आणि मी नेमकं तेच करायला बसलोय ज्याला तू सक्त मनाई केली होतीस. "आता माह्या बैलावर एक अक्षर लिहिलं ना मास्तर, तं तुह्या हाताले बायलरचा चटका देईन," असं तू म्हणाला होतास. सात वर्षं मी ते पाळलं. आता चटका द्यायला तू येत नाहीस म्हणून लिहितो, असं मात्र समजू नकोस. एक चूक दुरुस्त करायची आहे आणि एक गोष्ट कबूल करायची आहे. दोन्ही तुझ्या तोंडावर व्हायला हवं होतं, पण मी भित्रा, आणि तू विषय काढला की सायकलवर टांग मारायचास.

उद्या पोळा आहे. आज संध्याकाळी खांदेमळणी. तुझ्या अंगणातून आत्ताच परत आलो, हाताची हळद अजून गेलेली नाही आणि कागदावर पिवळी बोटं उमटताहेत. तू असतास तर म्हणाला असतास, मास्तराचं लिहिणं पहिल्यांदा उपयोगाचं दिसून राह्यलं.

लोकांना वाटतं, गोष्टी मला सुचतात. सुचतात, पण कुठून, ते फक्त तुला ठाऊक होतं. मी गावच्या शाळेत चित्रकलेचा मास्तर, तू तीन कोसांवरच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनातला इंजिनाचा मिस्त्री. लहानपणी आपण दोघं कापसाच्या गाडीवर बसून त्या जिनात गेलो होतो, आठवतं? गाडी माझ्या घरची होती, तू हट्टानं चढला होतास. आत माणसाच्या दीडपट उंचीचं चाक फिरत होतं, पट्टे पळत होते, सगळी इमारत अंगात आल्यासारखी हलत होती आणि हे सगळं करणारी वाफ कुठे दिसतच नव्हती. बाहेर नळीतून निघाली तेव्हा कुठे पांढरी दिसली. तू तिथून हलेनास. मी घरी येऊन पाटीवर ते चाक काढलं. तू पुढे त्या चाकापाशी नोकरीला लागलास आणि मी तेच चाक आयुष्यभर निरनिराळ्या वेषांत काढत राहिलो.

माझ्या सगळ्या गोष्टी वाफेच्या. त्यांतलं वऱ्हाड वेगळं. तिथं वीज आलेली नाही आणि तिच्यावाचून कोणाचं काही अडतही नाही. पूर्णेच्या पात्रात वाफेच्या नावा चालतात, सातपुड्याच्या उतारावर वाफेचे हत्ती लाकडं ओढतात, पितळेच्या नळ्यांतून या गावची चिठ्ठी त्या गावी सुर्रकन जाते, आणि आपल्याच कापसाच्या कापडाची विमानं डोक्यावरून धूर काढत जातात. मुलांच्या मासिकानं अशी पहिली गोष्ट छापली तेव्हा मी गावभर मिरवलो. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तू शाळेत आलास. सायकल कुंपणाला टेकवलीस, तेलकट बोटानं अंकातली एक ओळ दाबून धरलीस आणि सगळ्या पोरांसमोर विचारलंस, "हे तुह्यं इमान पानी कुठी पेलं बे?"

मी म्हणालो, "अरे, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असन. पन वाफ तं पान्याचीच हाये ना? संग्रामपूरहून उळालं आन डायरेक मेहकराकळच्या हिवऱ्याले उतरलं. मधात कुठी थांबलंच नाही. बायलर कोरडा पळला का फुटते, मास्तर. आत बसलेले सारे मानसं मारले तू, आन तुले पत्ताच नाही."

पोरं खो-खो हसली. मी चिडलो. रात्रीचं जेवण गेलं नाही. पण पुढच्या अंकात ते विमान उंद्रीला थांबलं. शिवारातल्या एका विहिरीवर येऊन घिरट्या घालू लागलं, वरून चामड्याची मोट खाली सोडली आणि पाणी शेंदून घेतलं. विहिरीचा मालक काठी घेऊन आभाळाकडे शिव्या देत उभा. त्या एका प्रसंगासाठी मला जितकी पत्रं आली तितकी नंतर कधीच आली नाहीत. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलं होतं की तुमची कल्पनाशक्ती थक्क करणारी आहे. ते पत्र मी तुला वाचून दाखवलं. तू म्हणालास, "त्या बाईले सांग, कल्पना नोय ते. तहान हाये."

तेव्हापासून तुझे दोन प्रश्न ठरलेले. पाणी कुठून आत येतं आणि वाफ कुठून बाहेर जाते. "हे दोन सांग. मंग हत्ती उळव नाही तं डोंगर उळव, माह्यं काही म्हननं नाही." तुला गंमत सांगू? पुढे पुढे माणसं लिहितानाही मी हेच विचारायला लागलो. या माणसाला जगवणारं पाणी कुठून येतं, आणि कोंडलेली वाफ तो कुठून काढतो. चित्रकलेच्या परीक्षेत मला कोणी हे शिकवलं नव्हतं. मी लेखक झालो तो तुझ्या हाताखाली, आणि हे मी कुठल्याही सभेत छातीवर हात ठेवून सांगेन. तू जिवंत असताना कुठल्या सभेत सांगितलं नाही, ही माझी कंजुषी.

मग जिनात वीज आली. हिरव्या रंगाची दोन मोटारं आली आणि सगळ्या कामाला तेवढी पुरली. मालकानं तुला काढलं नाही, मोटारीवर ठेवलं. पण तू म्हणायचास, बटन दाबायले मिस्त्री कायले पाह्यजे. इंजिन तोडून भंगारात घातलं त्या दिवशी तू जेवला नव्हतास, हे गिरजावहिनींनी मला सांगितलं. बायलरला पाणी देणारा एक लहानसा पंप, वाफेचा दाब दाखवणारा एक काटा, एक भोंगा आणि पितळेच्या नळ्या तू मागून आणल्यास. लोकांना वाटलं, आठवण म्हणून आणल्या. मलाही तेच वाटलं. महिनाभरानं तू एका संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसलास आणि म्हणालास, "मले एक बैल काळून दे."

"कशाला?"

"पोळ्याले न्याचा हाये."

मी हसलो. तू हसला नाहीस. मग तू जे बोललास ते इतक्या वर्षांच्या दोस्तीत कधी बोलला नव्हतास. तुमचं सुताराचं घर. तुझ्या वडिलांनी साऱ्या गावाच्या बैलांची जू घडवली, वखरं दुरुस्त केली, पण तुमच्या दावणीला कधी बैल नव्हता. पोळ्याला सगळं गाव आपापली जोडी घेऊन तोरणाखाली रांगेत उभं राहायचं आणि तुझे वडील बाजूला, बायकापोरांत. घरी पाटावर मातीचा बैल पुजायचे. "मातीचा बैल पाटावर बसते, मास्तर. रांगेत नाही उभा राह्यत. आमच्या घरचा कासरा आजवर कोनं पोळ्यात धरला नाही."

विकत घे ना एखादा, असं मी म्हणणारच होतो. बरं झालं, गिळलं. शेत नाही त्यानं बैल घेऊन करायचं काय? आणि तुला विकतचा नकोच होता. तुला स्वतःच्या हातचा हवा होता.

तीन वर्षं आपण भांडलो त्या बैलावरून. माझ्या चित्रात त्याच्या अंगभर दातेरी चाकं दिसत होती, डोळ्यांच्या जागी काटे, पाठीवर धुराडं. मला माझ्या गोष्टीतला बैल हवा होता. तू प्रत्येक चित्र बाजूला सारायचास. "हे जनावर नाही वाटत, घळ्याळाचं दुकान वाटते." तुझा हट्ट एकच, दहा पावलांवरून पाहिला तर पाटलाच्या गोठ्यातला वाटला पाहिजे. शेवटी तूच मार्ग काढलास. आडवा बायलर पोटात, त्याचं बिडाचं पुढचं तोंड खांद्यापाशी, भट्टी छातीखाली. जास्तीची वाफ सोडणारा व्हॉल्व्ह वशिंडाच्या टोकावर, आणि पितळेच्या नळ्या वाकवून शिंगं केलीस. खुरांखाली लहान चाकं, पण पाय उचलून टाकल्यासारखे पुढे यायचे. वशिंडातून वाफ सुटायची ती थंडीत बैलाच्या अंगातून निघते तशीच. माझी सगळी चाकं तू त्याच्या कातड्याच्या आत दडवलीस. त्या दिवशी मला कळलं की तू माझ्याहून मोठा कलावंत आहेस. मी ते मनातच ठेवलं, कारण तेव्हा मला हेवा वाटला होता.

तो चालला तो दिवस. अंगणात तिघंच, तू, वहिनी आणि मी. कापसाच्या पऱ्हाट्या पेटवल्या, काटा चढेपर्यंत तू त्याच्या मानेवर हात ठेवून उभा होतास. मग खटका ओढलास. अंगाला एक झटका बसला, आणि चुलीपासून गोठ्यासारख्या त्या छपरापर्यंत तो अकरा पावलं चालत गेला. मी मोजली होती. वहिनींनी तोंडावर पदर धरला आणि त्यातून म्हणाल्या, "आता ग बाई, ह्याले चारू काय?" तू खाली बसून रडायला लागलास. मीही रडलो, पण भिंतीकडे तोंड करून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वहिनींनी त्याच्या बिडाच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि इतर बैलांसारखंच कानात उद्याच्या जेवणाचं आवतन, निमंत्रण दिलं. दुसऱ्या दिवशी बेगड, झूल, घुंगरमाळा. सगळ्या गावाला खबर होती. मी तर मासिकाच्या संपादकांना पत्र घातलं होतं आणि ते बिचारे दोन एसट्या बदलून आले होते. वेशीपाशी रांग लागलेली. तुझा बैल सहा जणांनी ढकलत आणला तेव्हा कुजबुज सुरू झाली. कोणीतरी ओरडलं, "लोखनाचा बैल चालते तं उद्या म्या टरक आनतो बे पोळ्यात!" हशा पिकला. तू घरून आणलेल्या बादलीतलं पाणी बायलरात ओतलंस, उरलेलं बाजूला ठेवलंस आणि भट्टी पेटवायला घेतलीस. तुझं म्हणणं साधं होतं. चालत जाऊन रांगेत उभा राहिला की तोंडं आपोआप बंद होतील.

काटा चढत आला तेवढ्यात बापूराव पाटील आले. पोळ्याचा मान त्यांचा, तोरण त्यांच्या हातून तुटायचं. त्यांनी बैलाला एक चक्कर मारली, वशिंडावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि खाली वाकून भट्टीत पाहिलं.

"काय करून राह्यला तुळशीराम?"

"पेटवून राह्यलो दादा. वाफ झालीच हाये. आता चालन तो."

"म्हंजे कामाले लावून राह्यला त्याले."

तुझा हात तिथल्या तिथं थांबला.

"काल खांदेमळणी केली का?"

"केली."

"आवतन देल्लं?"

"देल्लं दादा. घरच्यांनी देल्लं."

"मंग पाहुन्याले कामाले लावतं का बे? आज बैलाच्या अंगाले काम नाही. इस्तो काढ भाहीर, आन उभा कर रांगेत. माह्या जोळीच्या बाजूले."

संपादक माझ्याकडे पाहू लागले. मी पेटलो. पाटलांना म्हणालो, अहो, हे यंत्र आहे, चालण्यासाठीच केलंय, तीन वर्षं घातलीत या माणसानं. ते म्हणाले, "यंत्र असन तं रांगेत जागा नाही. बैल असन तं आज चालनार नाही. काय ते तुळशीरामनं सांगावं." आणि तू, तुळशीराम, एक क्षणही न थांबता म्हणालास, "बैल हाये दादा." सळई घेतलीस आणि निखारे बाहेर ओढायला लागलास. तुझा चेहरा तेव्हा कसा होता ते मी पाहिलं नाही. मी माझ्याच संतापात होतो. मला वाटलं, गावानं तुझा अपमान केला आणि तू मुकाट गिळलास.

आता कबुलीची गोष्ट.

निखारे लवकर निघेनात. तू म्हणत होतास, हळू, हळू, घाई नको. मी ती उरलेल्या पाण्याची बादली उचलली आणि रागारागानं भट्टीच्या तोंडावर रिकामी केली. खण्ण असा आवाज झाला. वाफेचा लोट उठला, पोरांनी टाळ्या पिटल्या, कोणाला काही कळलं नाही. तापलेल्या बिडावर गार पाणी. वीतभर तडा गेला, थेट खांद्यापर्यंत. ज्यानं तुझ्याकडून वाफेचे धडे घेतले, ज्यानं विमानांना पाणी पाजलं, त्यानं हे केलं. तू माझ्याकडे पाहिलंस. शिवी दिली असतीस तर बरं झालं असतं. तू झुलीचा काठ पुढे ओढलास आणि तडा झाकलास.

तडा गेलेला बायलर पेटवायचा नाही, हा तुझा कायदा. डागडुजी केलीस, शिसं भरलंस, पण पेटवला नाहीस. तो पुन्हा कधी चालला नाही. गावात म्हणू लागले, तो चालत नव्हताच, पाटलांनी तुळशीरामची लाज राखली. तुला कोणी तोंडावर विचारलं की तू एवढंच म्हणायचास, "चालते. पन पोळ्याले नाही." माझं नाव तू एकदाही घेतलं नाहीस. मी सांगत सुटलो की तो चालला, अकरा पावलं चालला, मी पाहिलाय. लोक हसायचे. वाफेचे हत्ती उडवणाऱ्या मास्तरची साक्ष कोण मानणार?

संपादक परत निघताना म्हणाले होते, "कल्पना फार सुंदर आहे हो. चालला असता तर काय बहार आली असती." ते मला लागलं. मी घरी येऊन गोष्ट लिहिली आणि त्या गोष्टीत तुझा बैल चालला. तोरणाखालून, वाफ सोडत, शिंगं झळकवत, सगळ्या जोड्यांच्या पुढे, आणि तोंडात बोट घालून पाहणारं गाव. मुखपृष्ठावर त्याचं चित्र, तेही मी काढलेलं, अंगभर चाकं असलेलं. मला वाटलं, मी भरपाई केली. अंक घेऊन मोठ्या ऐटीत तुझ्याकडे आलो.

तू शेवटपर्यंत वाचलास. बोट ओळींवरून फिरत होतं. मग अंक मिटलास.

"खोटं काऊन लिहिलं?"

"अरे, सगळंच खोटं असतं माझं. विमान उडतं तेव्हा काही म्हणत नाहीस."

"इमान तुह्यं हाये. बैल माहा. तो चालला असता तं खेळनं झालं असतं, मास्तर. लोकाईनं टाळ्या पिटल्या असत्या आन घरी गेले असते. तो उभा राह्यला. पाटलाच्या जोळीले खांदा लावून उभा राह्यला. माह्या बापाच्या घरचा कासरा होता त्याच्या नाकात. आन तू त्याले चालवून त्याचा मान काढून घेतला."

मी वाद घातला. वाचकाला उभा बैल नको असतो, गोष्टीत काहीतरी घडावं लागतं, वगैरे. तू म्हणालास, घडलं ते तुले दिसलंच नाही, आणि वर तो चटक्याचा दम दिलास. दोन महिने बोलला नाहीस. नंतर बोललास, पण हा वाद राहिला तो राहिलाच. दुरुस्त करून छाप, असं तू तीनदा सुचवलंस. मी दर वेळी पुढच्या अंकात बघू म्हणालो.

सातही पोळ्यांना तो रांगेत होता. थंड, सजलेला, पाटलाच्या जोडीच्या बाजूला. पोळा फुटला की बाकीचे बैल पळत सुटायचे आणि तुझा एकटा धुरळ्यात उभा राहायचा, कासरा धरून तूही. मग तुम्ही दोघं सावकाश दारोदार जायचा. बायका त्याचे पाय धुवायच्या, ओवाळायच्या, पुरणपोळी त्याच्या लोखंडी ओठांवर टेकवायच्या. टरक आणणारा तो गडी, त्याच्या दारातही. लोकांना तो चालत नाही याची खात्री होती आणि तो बैल आहे याचीही खात्री होती. गोष्टीवर इतका विश्वास बसावा असं मला कधी लिहिता आलं नाही.

काल बापूराव पाटील काठी टेकत माझ्या ओसरीवर आले. आता त्यांना नीट दिसत नाही. बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "तुळशीरामच्या घरी सुतक हाये. घरच्याईले पोळा नाही. पन बैलाले सुतक नसते. रांगेतली जागा खाली राह्यन तं बरं नाही दिसत. तुमी आना त्याले."

मी हो म्हणालो. मग राहवलं नाही. विचारलं, "दादा, खरं सांगा. तो कधी चालला असेल असं वाटतं तुम्हाला?"

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मीच आंधळा आहे. "वाटते काय? मी हात ठुला होता ना त्याच्या वशिंडावर. अंग थरथरून राह्यलं होतं त्याचं. जाग्यावर उभं राह्याचं नसते तवाच जनावर तसं थरथरते. मले मालूम होतं, चालन म्हनून. म्हनूनच तं थांबोला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? गाव त्याला हसत होतं."

"मले कोनी इचारलं कवा?"

तुळशीराम, सात वर्षं आपण दोघांनी कोणालाच विचारलं नाही रे. मी साक्षीदार शोधत फिरलो आणि खरा साक्षीदार तुझ्या बैलाच्या शेजारी कासरा धरून उभा होता. हे ऐकायला तू सहा दिवस आणखी थांबला असतास तर काय बिघडलं असतं? तुझ्यावर रागावलोय मी त्यासाठी.

आज संध्याकाळी अंगणात गेलो. वहिनी उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. हळद-लोण्याची वाटी मी माझ्या घरून नेली होती. झूल काढली. आपण भांडून भांडून घडवलेली ती मान, ते वशिंड, पितळेची शिंगं तू हिंगूळ लावून लाल केलेली. मी खांद्याला चोळू लागलो आणि बोटाखाली तो तडा आला. शिशानं भरलेला, गुळगुळीत झालेला.

आतून वहिनी म्हणाल्या, "तिथं जास्त लावा भाऊजी. ते दर साली तिथं दोनदा लावत. तिथं लागलं हाये त्याले, म्हनत."

मग मी सांगून टाकलं. बादली, पाणी, सगळं. सात वर्षांची कोंडलेली वाफ कुठून तरी निघायलाच हवी होती. वहिनी माझं झाल्यावर म्हणाल्या, "मले मालूम हाये. बादली माहीच होती ना. घरी आनली तवा बुडाशी राख होती, पानी नव्हतं. म्या त्याईले इचारलं, तं म्हने, मास्तरले सांगू नको का तुले समजलं म्हनून. लिहायचं बंद करन तो."

मी तिथेच, त्या थंड खांद्याला टेकून बसलो.

तू माझं लिहिणं वाचवलंस. मी तुझ्या बैलाचे पाय घेतले आणि तू माझा हात राखलास. याची परतफेड नाही, पण दुरुस्ती आहे आणि ती मी आज लेखी करतो. त्या पोळ्याला तुळशीराम मिस्त्रीचा बैल चालला नाही. त्याला चालता येत होतं, अंगात पुरती वाफ होती, आणि तरी तो पाटलाच्या जोडीला खांदा लावून उभा राहिला, कारण तो बैल होता आणि त्या दिवशी पोळा होता. माझ्या छापलेल्या गोष्टीतला शेवट चुकीचा आहे. हा खरा. मला तुझा किती अभिमान वाटतो हे मी आजवर गोष्टींच्या आडून सांगत आलो. आज उघड सांगतो, छाती भरून येते रे.

उद्या कासरा मी धरीन. तुझी जागा म्हणून धरीन, माझी म्हणून नाही. भट्टीत इस्तो नसेल, शपथ. अंगणाच्या बाहेर बादलीला हात लावणार नाही. पुरणाची डाळ आमच्याकडे भिजत घातली आहे आणि पहिली पोळी त्याची.

निघण्याआधी मी त्याच्या पितळी कानाशी वाकलो आणि रीतीप्रमाणे म्हणालो. मग सरळ उभा राहिलो, आणि वहिनी ऐकताहेत हे ठाऊक असूनही, तुझ्या रिकाम्या छपराकडे तोंड करून तेच पुन्हा म्हणालो.

आज आवतन घे, तुळशीराम. उद्या जेवाले ये.